इमारतीच्या डिझाइनचं कोऑर्डिनेशन: पहिल्यांदा जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळती ठेवणं), प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, फायर, लिफ्ट, दर्शनी काच, इंटिरिअर. मध्यम आकाराच्या इमारतीवरही एवढ्या टीम एकाच वेळी ड्रॉइंग काढत असतात. या सगळ्यांचं काम एकमेकांशी जुळतंय की नाही हे बघायला बऱ्याचदा ऑफिसातला दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेला कुणीतरी बसवला जातो. हे काम त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हातात एक सॉफ्टवेअर येतं आणि 'क्लॅश काढ' (कुठे दोन टीमच्या वस्तू एकाच जागी येतात ते शोध) एवढाच निरोप.

तुम्ही त्या खुर्चीत नुकतेच बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. क्लॅश काढणं हा या कामाचा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. डिझाइन खरं अडतं ते दुसऱ्याच कारणाने: एका टीमला दुसरीकडून काहीतरी हवं असतं, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. कोण कोणाची वाट बघतंय हे शोधून काढायचं, लिहायचं आणि त्याचा पाठपुरावा करायचा, हे तुमचं मुख्य काम. खालच्या पायऱ्यांतल्या बहुतेक त्याच्यासाठीच आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

प्रत्येक कन्सल्टंटच्या करारातलं कामाच्या व्याप्तीचं पान (पूर्ण करार नाही मिळाला तरी चालेल, पण हे पान हवंच). प्रत्येक टीममधल्या अशा माणसाचं नाव आणि नंबर, जो स्वतः ड्रॉइंग काढतो. फक्त पार्टनरचं नाव कामाचं नाही. जागेचा सर्व्हे आणि माती परीक्षणाचा अहवाल. मालकाची गरज सांगणारा कागद, शक्यतो प्रत्येक खोलीनुसार. स्थानिक बांधकाम नियम आणि अग्निसुरक्षेच्या अटी. डिझाइनचं वेळापत्रक. आणि एक साधी स्प्रेडशीट, जी पुढचे काही महिने रोज उघडी राहणार आहे.

१. कोणाचं काम कुठे संपतं, ते कागदावर आणा

कामाच्या व्याप्तीची सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक टीमने आपापलं काम नीट लिहिलेलं असतं. भोकं पडतात ती दोन टीमच्या मधल्या जागेत.

ॲक्सेस कंट्रोल असलेला एक फायर डोअर घ्या. दार आणि त्याचं हार्डवेअर आर्किटेक्टकडे. इलेक्ट्रिक लॉकला वीज इलेक्ट्रिकलकडून. कार्ड रीडर सिक्युरिटीवाल्यांचा. आग लागली की लॉक आपोआप सुटायला हवं, म्हणून फायर अलार्मच्या पॅनलमधून सिग्नल हवा. चौकटीतून वायर न्यायची म्हणजे दार बनवणाऱ्याला ते आधी कळायला हवं. एका दारामागे पाच जण आहेत, आणि कोणी विचारलं नाही तर पाचही जण समजतात की ते दुसरा कुणीतरी बघतोय.

असे संशयित ठरलेले असतात: स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट हूड, यंत्रांचे काँक्रीटचे पाये, लिफ्टच्या खड्ड्यातलं वॉटरप्रूफिंग, काचेच्या दर्शनी भागाचे ब्रॅकेट, इमारतीबाहेरची ड्रेनेज लाइन, छतावरच्या यंत्रांभोवतीचा आडोसा. उभ्या ओळीत या गोष्टी आणि आडव्या ओळीत टीम असा तक्ता करा. प्रत्येक चौकटीत 'डिझाइन करणार', 'माहिती देणार' किंवा 'तपासणार' यांपैकी एक लिहा. एका गोष्टीला 'डिझाइन करणार' एकच असला पाहिजे. दोन नावं आली तर तिथेच थांबून सोडवा. तक्ता सगळ्यांना पाठवा आणि लेखी होकार घ्या.

२. एकच ग्रिड, एकच शून्य, एकच लेव्हल

ही पायरी अर्ध्या दिवसाची आहे आणि ती टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका.

मॉडेलचा आरंभबिंदू, खरी उत्तर दिशा आणि प्रकल्पाची उत्तर दिशा यांच्यातला कोन, ग्रिडची (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषांची) नावं, मजल्यांची नावं आणि उंची हे सगळं एका पानावर लिहून काढा. ग्रिडची मालकी एकाच टीमकडे द्या, बहुधा आर्किटेक्टकडे. बाकीच्यांनी ती फक्त वापरायची, हलवायची नाही. मग प्रत्येकाकडून जवळपास रिकामी फाइल मागवा: फक्त ग्रिड, लेव्हल आणि एका कोपऱ्यातला एक कॉलम. सगळ्या फाइल एकावर एक ठेवा. कॉलम जुळले तर पुढे जा.

यातले नेहमीचे घोळ तीन. पहिला एककाचा: कुणाची फाइल इंचात, कुणाची मिलिमीटरमध्ये, आणि आयात केल्यावर इमारत २५.४ पट मोठी किंवा लहान दिसते. हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा सर्व्हेच्या निर्देशांकांचा: ते मोठे असतात आणि कुणीतरी मॉडेल थेट त्या आकड्यांवर नेऊन ठेवतं. रेव्हिट या मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या पलीकडे काम गेलं की अचूकता बिघडायला लागते, म्हणून मॉडेल मूळ बिंदूजवळच ठेवायचं आणि सर्व्हेचे निर्देशांक शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून (सगळ्या फाइलसाठीच्या सामायिक निर्देशांकांतून) द्यायचे.

तिसरा घोळ सगळ्यात वाईट, कारण तो लपून राहतो. आर्किटेक्टची लेव्हल फरशीच्या वरची असते, स्ट्रक्चरची काँक्रीटच्या वरची. मधे फ्लोअरिंगची जाडी, समजा ७५ मिलिमीटर. नाव दोघांकडे 'पहिला मजला' असंच असेल, तर प्रत्येक सीलिंग, प्रत्येक सिल आणि प्रत्येक जिना ७५ मिलिमीटरने चुकू शकतो. म्हणून लेव्हलच्या नावातच 'तयार फरशी' की 'स्लॅब' हे आलं पाहिजे.

३. कोण कोणाची वाट बघतंय, याची यादी करा

इथे वेळ द्या. मी एखाद्या प्रकल्पावर मधूनच रुजू झालो, तर पहिला आठवडा फक्त यातच घालवतो.

डिझाइनमध्ये माहिती एका दिशेने वाहत नाही, गोल फिरते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब डिझाइन करायला यंत्रांची वजनं हवीत. एचव्हीएसीवाल्यांना यंत्र निवडायला उष्णतेचा भार काढावा लागतो. त्यासाठी काचेचं क्षेत्रफळ आणि काचेचा प्रकार हवा. काच आर्किटेक्ट ठरवतो, पण त्याला दर्शनी भागावर बीम किती खोल येणार ते आधी कळायला हवं. बीमची खोली पुन्हा स्ट्रक्चरकडे. वर्तुळ पूर्ण झालं. तिघेही कामसू आणि हुशार असले, तरी काम जागचं हलणार नाही.

हे वर्तुळ तोडायचा एकच उपाय आहे: लेखी गृहीतक. तुम्ही एचव्हीएसीच्या इंजिनिअरला म्हणता, "अचूक वजन आत्ता नको. जास्तीत जास्त किती होईल ते सांगा." तो म्हणतो, छतावरच्या प्रत्येक चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पाण्यासकट अमुक टन. तो आकडा तारखेसकट यादीत जातो, कोणी दिला ते लिहिलं जातं आणि कोणत्या तारखेला पक्का होणार तेही. स्ट्रक्चर त्या आकड्यावर पुढे जातं. उद्या खरा आकडा कमी आला तर कुणाचं बिघडत नाही. जास्त आला, तर कोणाकोणाला कळवायचं हे यादी बघून एका मिनिटात समजतं.

प्रत्येक ओळीत एवढं हवं: काय हवं, कोणाला हवं, कोण देणार, कधीपर्यंत, तोवर काय गृहीत धरलंय. सुरुवातीला विचारायच्या गोष्टी साधारण अशा:

– स्ट्रक्चरसाठी: यंत्रं, पाण्याच्या टाक्या, फाइल स्टोरेज आणि छतावरची माती यांची वजनं व जागा. पाण्याच्या टाकीत दर एक मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन वजन येतं. ऑफिसच्या मजल्याचा चल भार (माणसं आणि सामान यांचं वजन) तेवढ्याच जागेवर साधारण २५० ते ४०० किलो धरतात. टाकीची जागा मागाहून 'जरा सरकवली' की काय होतं, याचा यावरून अंदाज येईल.

– आर्किटेक्टसाठी: शाफ्टची (पाइप आणि डक्ट मजल्यांमधून उभे नेणाऱ्या पोकळ्यांची) मापं, प्लांट रूमची उंची, यंत्र आत न्यायचा आणि बाहेर काढायचा रस्ता, ताज्या हवेच्या आणि एक्झॉस्टच्या लूव्हरचं क्षेत्रफळ.

– सर्व्हिसेससाठी (एचव्हीएसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, फायर): बीमची खोली, स्लॅबचे ड्रॉप, सीलिंगची उंची, आगरोधक भिंती कुठे आहेत, प्रत्येक खोलीत किती माणसं.

– इलेक्ट्रिकलसाठी: बाकी सगळ्यांच्या मोटारींची यादी. पंप, पंखे, लिफ्ट, चिलर यांचे किलोवॅट आल्याशिवाय ट्रान्सफॉर्मरचं माप ठरत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरचं माप ठरल्याशिवाय सबस्टेशनची खोली ठरत नाही.

एक सवय लावून घ्या. कुणी म्हणालं की "आमचं काम थोडं मागे आहे", तर लगेच विचारा, "तुम्हाला कोणाकडून काय यायचंय?" दहातल्या आठ वेळा उत्तरात दुसऱ्या टीमचं नाव येतं, आणि त्या टीमला त्याचा पत्ताच नसतो.

४. फाइल कुठे ठेवायची आणि कुठली खरी

सगळ्या टीमसाठी फाइलची एकच सामायिक जागा हवी. आयएसओ १९६५० या २०१८ मध्ये आलेल्या मानकात अशा जागेत माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: काम चालू असलेली, इतरांना वापरायला दिलेली, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेली आणि संग्रहात गेलेली. महागडं सॉफ्टवेअर नसेल तर चार फोल्डर करा, चालेल. महत्त्वाचं इतकंच, की दुसऱ्या टीमच्या चालू फोल्डरमधली फाइल उचलून कोणीही डिझाइन करायचं नाही.

फाइलच्या नावात प्रकल्प, टीम, मजला, प्रकार आणि क्रमांक यावा. 'फायनल', 'फायनल-२', 'लेटेस्ट' हे शब्द नावात येऊ देऊ नका. रिव्हिजन बदलली की काय बदललं त्याभोवती क्लाउड (ढगासारखी रेघ) काढायला लावा आणि एका वाक्यात वर्णन मागा. क्लाउडशिवाय आलेलं ड्रॉइंग मी परत पाठवतो. दोन-तीनदा परत गेलं की शिस्त आपोआप लागते.

अदलाबदलीचा वार ठरवा. समजा दर दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांनी मॉडेल ठेवायचं, शुक्रवारी तुम्ही जोडायचं, सोमवारी यादी द्यायची आणि बुधवारी बैठक. रोज बदलणाऱ्या मॉडेलवर कुणालाच काम करता येत नाही.

यातला सापळा म्हणजे व्हॉट्सॲप. साइटवरून फोटो येतो, इंजिनिअर त्यावर लाल रेघ मारून परत पाठवतो, आणि तो निर्णय कुठल्याही ड्रॉइंगवर जात नाही. बोलणं व्हॉट्सॲपवर होऊ द्या, पण निर्णय त्याच दिवशी यादीत उतरवा.

५. आधी जागा वाटा

समजा एक कॉरिडॉर आहे. मजल्याची उंची स्लॅब ते स्लॅब ३६०० मिलिमीटर. बीम स्लॅबसकट ६०० खोल. बीमखाली राहिले ३०००. त्यातून फरशीचे ७५ गेले, २९२५. सीलिंग २४०० वर हवं, म्हणजे सीलिंग आणि बीम यांच्यात ५२५. सीलिंगची चौकट आणि दिवा मिळून १२५ धरा. हातात उरले ४००.

आता ३०० उंचीचा डक्ट. वर-खाली २५-२५ इन्सुलेशन, झाला ३५०. त्याला टांगायचा आडवा चॅनेल आणि डक्टचे फ्लँज धरले की ४०० संपले. म्हणजे बीमखाली या डक्टच्या वर किंवा खाली काहीही जाणार नाही. बाकीचं सगळं त्याच्या शेजारी बसायला हवं. कॉरिडॉर १८०० रुंद. डक्ट इन्सुलेशनसकट ८५०, थंड पाण्याचे दोन पाइप इन्सुलेशनसकट २००-२००, केबल ट्रे ३००, स्प्रिंकलरची लाइन १००. बेरीज १६५०. उरले १५०, आणि पाच वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागा, सपोर्ट, केबल टाकायला हात जाण्याची जागा अजून धरलेलीच नाही.

तेवढ्यात प्लंबिंगवाला सांगतो, की एका टॉयलेटची १०० मिलिमीटरची लाइन इथूनच आठ मीटर जाणार आहे. उतार ८० ला १ धरला तर ती टोकाला पोचेपर्यंत १०० मिलिमीटर खाली येते.

हे सगळं एका कागदावर, एका सेक्शनमध्ये, पाच मिनिटांत दिसतं. मॉडेल होईपर्यंत थांबलात तर हेच शेकडो क्लॅश म्हणून समोर येईल, आणि तोवर बीमची खोली बदलायची वेळ निघून गेलेली असेल. म्हणून संकल्पना पक्की होत असतानाच सगळ्यात अरुंद कॉरिडॉर, शाफ्टचं तोंड, प्लांट रूमचं दार आणि सगळ्यात खोल बीमखालची जागा यांचे सेक्शन काढा. इथे बहुधा टॉयलेटची लाइन दुसऱ्या शाफ्टमध्ये वळवावी लागेल किंवा पाण्याचे पाइप कॉरिडॉरबाहेर न्यावे लागतील. आत्ता दोन्ही शक्य आहेत.

कोणी कोणाला वाट द्यायची याचा क्रमही आधीच ठरवा. उताराच्या ड्रेनेज लाइन पहिल्या, कारण गुरुत्वाकर्षणाशी तडजोड होत नाही. मग मोठे डक्ट, मग पाण्याच्या आणि स्प्रिंकलरच्या मुख्य लाइन, मग केबल ट्रे, शेवटी लहान पाइप आणि कंड्युट. केबल ट्रे पाण्याच्या पाइपखाली येऊ देऊ नका. इलेक्ट्रिकल रूमवरून तर पाण्याची कुठलीच लाइन नेऊ नका.

६. आता क्लॅश

नेव्हिसवर्क्स, सोलिब्री किंवा तत्सम काहीही वापरा. टीम वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरत असतील तर मॉडेल आयएफसी फॉरमॅटमध्ये मागवा (तो आयएसओ १६७३९ म्हणून मानक आहे), आणि मुद्दे बीसीएफ या मुद्दे पाठवायच्या फॉरमॅटमधून पाठवा, म्हणजे समोरच्याला तोच व्ह्यू त्याच कोनातून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो.

पहिल्यांदा सगळं विरुद्ध सगळं असं कधीही चालवू नका. हजारो ओळी येतील आणि कोणीही वाचणार नाही. आधी स्ट्रक्चर विरुद्ध डक्ट. मग स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज. मग डक्ट विरुद्ध पाइप. लवचिक कंड्युट सध्या वगळा. एकाच डक्टने सलग बारा बीम कापले असतील तर तो एकच मुद्दा आहे, एकत्र करा.

दोन वस्तू एकमेकींत घुसतात तो क्लॅश सॉफ्टवेअर दाखवतं. मोकळी जागा अपुरी पडते तो तुम्हाला मुद्दाम शोधावा लागतो. व्हॉल्व्हपर्यंत हात, फायर डॅम्परचं (आग लागली की डक्ट बंद करणाऱ्या झडपेचं) तपासणीचं झाकण, पॅनलसमोर उभं राहायची जागा, फिल्टर बाहेर ओढायची जागा. यासाठी यंत्रांभोवती पारदर्शक ठोकळे मॉडेलमध्ये ठेवायला सांगा. मग हेही क्लॅशमध्ये दिसतं. काही गोष्टी मात्र डोळ्यांनीच बघाव्या लागतात: उघडलेल्या दारामागे गेलेला स्विच, दिव्याला अगदी चिकटलेला स्प्रिंकलर.

थ्रीडी मॉडेल नसेल तर घाबरू नका. प्रत्येक टीमच्या टूडी ड्रॉइंगला एकेक रंग द्या, एकावर एक ठेवा, आणि जिथे रंगांची गर्दी दिसते तिथे सेक्शन काढा. उत्तम इमारती अशाही झाल्या आहेत.

७. स्लीव्ह आणि ओपनिंग

स्लॅब, बीम आणि काँक्रीटच्या भिंतींतली सगळी भोकं (ओपनिंग, आणि पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या नळ्या म्हणजे स्लीव्ह) एकाच ड्रॉइंगवर आणा, माप ग्रिडपासून द्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. बीमच्या टोकाजवळ शिअर (बीम कापू पाहणारा जोर) जास्त असतो, म्हणून तिथे तो भोक नाकारणारच. आधीच मधल्या भागात आणि खोलीच्या मध्याजवळ मागा.

पोस्ट-टेन्शन (आतल्या केबल ताणून बांधलेला) स्लॅब असेल तर दुप्पट काळजी घ्या. त्यातल्या केबल प्रचंड ताणाखाली असतात. नंतर कोअर कटिंग करताना एखादी तुटली तर माणसाच्या जिवाला धोका असतो. 'साइटवर बघून घेऊ' हे वाक्य इथे ऐकूनही घेऊ नका.

८. बैठक

एक तास, फक्त संबंधित टीम, यादी आदल्या दिवशी. जे दोघांत सुटतं त्यासाठी दहा जणांना बसवू नका.

नोंद कशी लिहायची ते बघा. 'डक्ट आणि बीमचा मुद्दा, संबंधितांनी बघावं' ही नोंद असून नसल्यासारखी. त्याऐवजी: 'तिसरा मजला, ग्रिड सी-४, एक्झॉस्ट डक्ट बीममध्ये ५० मिमी. एचव्हीएसी टीम डक्ट ८००×३०० ऐवजी १०००×२५० करणार, आर्किटेक्ट बल्कहेड (डक्ट झाकणारी सीलिंगची पेटी) २०० मिमीने रुंद करणार, दोन्ही पुढच्या गुरुवारच्या मॉडेलमध्ये.' जागा, अडचण, निर्णय, माणूस, तारीख. पुढच्या मॉडेलमध्ये स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मुद्दा बंद करू नका.

दोन टीम अडून बसल्या, तर तांत्रिक बरोबर-चूक ठरवायचा अधिकार बहुधा तुमच्याकडे नसतो. पर्याय दोन, प्रत्येकाचा परिणाम एकेका ओळीत, आणि निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव, एवढं लिहून वर पाठवा. भांडण मनाला लावून घेऊ नका. प्रत्येकजण आपली जबाबदारी सांभाळत असतो.

९. डिझाइन गोठवल्यानंतर आलेला बदल

मालक बदल मागणार, हे धरूनच चाला. मागणी आली की आधी सगळ्या टीमना एकच प्रश्न: "तुमचं कोणतं ड्रॉइंग बदलेल आणि किती दिवस लागतील?" उत्तरं एकत्र करून मालकापुढे ठेवा, लेखी मंजुरी घ्या, मगच कुणी पेन उचलायचं. एका प्रकल्पात मालकाच्या माणसाने तोंडी सांगितलं म्हणून आर्किटेक्टने पँट्री एका बे-ने (दोन कॉलममधल्या अंतराने) सरकवली. प्लंबिंगला ते तीन आठवड्यांनी कळलं, आणि तोवर खालच्या मजल्याचे स्लीव्ह स्लॅबमध्ये पक्के झाले होते.

१०. बांधकामासाठी ड्रॉइंग देताना

सगळ्या टीमची ड्रॉइंग एकाच रिव्हिजनच्या आर्किटेक्चरल प्लॅनवर काढली आहेत ना, हे आधी तपासा. यात इतक्या वेळा गडबड सापडते, की मी ही तपासणी स्वतः करतो, कुणावर सोपवत नाही. मग गृहीतकांची यादी काढा. एखादी ओळ उघडी असेल तर ते ड्रॉइंग 'होल्ड' (सध्या बांधू नका) खुणेसह द्या, आणि होल्ड नेमक्या भागाभोवती दाखवा, पूर्ण पानावर नाही. नाहीतर साइट एकतर सगळं थांबवेल किंवा सगळंच बांधेल.

यानंतर कंत्राटदाराची शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष बनवण्या-बसवण्यासाठी त्याने काढलेली) येतात आणि त्यात प्रत्यक्ष खरेदी केलेली यंत्रं असतात. त्यांची मापं, वजनं, किलोवॅट आणि पाइप जोडायच्या दिशा तुमच्या गृहीतकांशी ओळीने ताडून बघा. फरक दिसला की तिसऱ्या पायरीतली यादी उघडा. तो आकडा कोणाकोणाकडे गेला होता ते तिथे लिहिलेलं आहे. शॉप ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का पडायच्या आधी त्या सगळ्यांना फोन करा.